जिजाचं गुंतवळ

सन्माननीय अध्यक्ष भिकाभाऊ, मुख्याध्यापिका रुपलबाई, व्यासपीठावरील पाहुणे, पालकवर्ग आणि मागं चुळबुळ करणाऱ्या माझ्या मुलामुलींनो, चिमणचा नमस्कार.

एकतीस वर्षं या शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होतो, आज निवृत्त होतोय. परीक्षानळ्या धुतल्या, स्पिरिटचे दिवे भरले. भाषण करायची ही पहिलीच वेळ. रुपलबाई म्हणाल्या, "चिमणकाका, एखादी आठवण सांगा." आता एकच सांगतो, ती मनातून जात नाही.

गेल्या नवरात्रातली गोष्ट. आपल्या मुली डोक्यावर छिद्रांची घागर घेऊन गरबा खेळतात, आत पेटता दिवा. डहाणूच्या कुठल्याशा पार्लरवालीनं नववीतल्या दक्षाला सांगितलं, जेल आणि स्प्रे मारला की केसांना आग लागत नाही. झालं! तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरी बाटल्या घेऊन हजर. मी म्हटलं, करून बघू. वाळूची बादली ठेवली, चिमटा घेतला, न्हाव्याकडून केस आणले. दक्षा नाक मुरडून म्हणाली, "काका, हे बाप्यांचे आखूड केस. आमचे लांब, तेल लावलेले. आमचं वेगळं!"

तिचं चूक नव्हतं. प्रयोग म्हटला की सारखं साहित्य हवं. पण बायकांचे केस आणायचे कुठून? नरपड गावात घरोघर विचारलं. तिथली बायजी तर अंगावरच आली. "केस दुसऱ्याच्या हाती देतात का? कुणी काही करणी केली म्हणजे?" आणि गरबा तर दुसऱ्या दिवशीच.

माझ्या घरी एक डबा होता. माझी बायको जिजा विंचरल्यावर निघालेलं गुंतवळ त्यात जमवायची, केसांच्या बदल्यात भांडीवालीकडून पातेलं घ्यायचं म्हणून. पातेलं राहिलं, जिजा गेली. त्याला तीन वर्षं झाली. भांडीवाली अजून दारावर येते, मी आतूनच नाही म्हणतो. डबा उघडला की तिच्या तेलाचा वास यायचा. मंडळी, एकट्या माणसाला एवढंही पुरतं हो. निदान मला पुरत होतं.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी डबा पिशवीत घातला.

चार पुंजके केले. एक कोरा, तो दिव्यावर धरताच चुरचुरत जळाला. दुसरा ओल्या जेलचा, तो दोन-चार क्षण टिकला, पोरींनी टाळ्याही वाजवल्या. मी म्हटलं, थांबा. तिसऱ्यावरचं जेल पंख्याखाली वाळवलं होतं. गरब्याला उभं राहीपर्यंत तुमचंही वाळणारच ना? तो कोऱ्यासारखाच जळाला. चौथ्यावर स्प्रे मारला आणि चिमट्यानं दिव्याजवळ नेला, तर भप्पकन भडका! पोरी किंचाळून मागं सरल्या. मी चिमट्यासकट वाळूत खुपसला.

सगळ्यांनी नाकाला ओढण्या लावल्या. कुणीतरी म्हणालं, "खिडक्या उघडा, काय घाण वास!" मीच उठून उघडल्या.

त्याच रात्री गरब्याला घागरींत बॅटरीचे दिवे होते. मैदानाच्या कडेला उभं राहून मी शेवटपर्यंत पाहिलं. एकीच्याही केसाला धक्का लागला नाही. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? घरी आलो तेव्हा मात्र कुणाला सांगू तेच कळेना.

दक्षा, तू त्या दिवशी विचारलं होतंस, "काका, कुणाचे केस हे?" मी म्हणालो, दुकानातून आणले. पोरी, ते माझ्या जिजाचे होते. सगळे संपले. मला त्याचा पस्तावा नाही. पण तुझ्याशी खोटं बोललो, एवढं मनाला लागून आहे.

रुपलबाई, तुम्ही बोलायची संधी दिलीत, शाळेनं एवढं सांभाळलं, मनापासून आभारी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर या म्हाताऱ्याला समजून घ्या. आणि मुलांनो, दिवसभरात शंभर वेळा "काका, काका" ऐकायची सवय झालीय मला. उद्यापासून घरात तसं हाक मारणारं कुणी नाही. शाळेत जाता-येता माझ्या दारावरून जाल, तेव्हा काही काम नसलं तरी एक हाक मारत जा.