तांब्याचा पत्ता सांगणारा हिरवा कण

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, आपले संचालक साहेब. व्यासपीठावरच्या सत्कारमूर्ती, रसायन प्रयोगशाळेच्या प्रमुख आणि आपल्या सगळ्यांच्या ताई. त्यांचे यजमान, त्यांची लेक. ड्रिलिंगचे फोरमन दादा, आणि दाटीवाटीने बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. ताईंची चौतीस वर्षांची नोकरी पाच मिनिटांत कशी बसवायची? म्हणून एकच गोष्ट सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी आपण तांबं शोधत होतो. टेकड्यांच्या पायथ्याशी अकरा ठिकाणी ड्रिलिंग झालं. खालून दगडाचा जो गोल दांडा निघतो, ज्याला आपण कोअर म्हणतो, त्याच्या पेट्यांनी शेड भरली. तांबं मात्र नावाला नाही. भूवैज्ञानिक म्हणून अहवाल मी लिहिला. शेवटचं वाक्य होतं, ‘या भागात पुढे काम करण्यात अर्थ नाही.’ कॅम्प आवरायला घेतला. बेचाळीस माणसांचं काम सुटणार होतं.

अशात ताई इथे ऑफिसात माझ्या टेबलापाशी आल्या. हातात काचेवर चिकटवलेली दगडाची पातळ चकती.

“हे हिरवं काय आहे?”

“क्लोराइट. सगळीकडे असतं. त्याचं काय घेऊन बसलात?”

“सगळीकडे असतं म्हणूनच त्याला विचारायचं. तांबं असतं तर तांब्यालाच नसतं का विचारलं?”

ऑफिसातल्या मंडळींसाठी थोडं सांगतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी खोलवरून कढत पाणी वर आलं, एका जागी तांबं ठेवून आजूबाजूला झिरपलं. त्या उष्णतेने भोवतालच्या खडकात हे हिरवं क्लोराइट तयार झालं. उष्णता जास्त तिथे त्याच्यात टायटॅनियम जरा जास्त शिरलं. लांब जावं तसं कमी कमी. म्हणजे तांब्यापासून दोन किलोमीटर दूर पडलेला, धड डोळ्यांना न दिसणारा कण स्वतःच्या पोटात अंतर सांभाळून बसलेला असतो! मी हे शिकलो होतो, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. विश्वास मात्र ताईंनी ठेवला.

साहेबांनी अवधी दिला. ताईंनी लेझरने कणांवर केसाहून बारीक खड्डे पाडले, उडालेल्या धुळीतलं टायटॅनियम मोजलं. आकडे नकाशावर मांडले, तर ते उत्तरेकडे वाढत होते. दादांनी मशीन उत्तरेला नेलं. एकशे साठ मीटर खाली गेलो, आणि एका सकाळी बैठकीत ताई उभ्या राहिल्या.

“साहेब, मशीन थांबवा. माझं चुकलंय.”

ताई सांगत होत्या, “काही कणांच्या आत दुसऱ्या खनिजाच्या सुया आहेत. टायटॅनियम त्या सुयांचं, आणि मी ते क्लोराइटच्या नावावर टाकलं.”

साहेब, आज तुम्ही अध्यक्ष आहात, पण त्या दिवशी तुम्ही भयंकर चिडला होतात! शेवटी तुम्हीच हळू आवाजात म्हणालात, “ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.”

“माझ्या आलंय ना.”

मशीन थांबलं. ताईंनी आठशे खड्ड्यांचे आलेख एकेक करून पुन्हा पाहिले. जिथे सुई लागल्याची शंका, तो आकडा बाद. नवीन खड्डे पाडले. सोळा दिवस जेवणाचा डबा मायक्रोस्कोपशेजारीच उघडला जायचा. सोळाव्या दिवशी नकाशावर दिशा फिरली. उत्तर नव्हे, पूर्व. ओढ्यापलीकडचा सपाट माळ, जिथे आपल्यापैकी कुणी साधं फावडंही मारलं नसतं.

दादा माळावरून फोनवर म्हणाले, “ताई, इथे तर नुसती माती आहे.”

“मातीखाली बघायलाच तर मशीन नेलंय, दादा.”

तीनशे अठ्ठ्याऐंशी मीटरवरचा कोअर बाहेर आला. दादांनी त्यावर पाणी ओतलं आणि चिखलाखालून तांब्याचं खनिज पितळेसारखं झळकलं. दगडात शिरांचं जाळंच होतं. दादांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, मग एकेकाने काढलं. का, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच कॅम्पवर आल्या होत्या. पेटीशेजारी उकिडव्या बसल्या, त्या शिरांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, “एवढ्याशा कणाला हे सगळं माहीत होतं हो. आपणच त्याला नीट विचारलं नव्हतं.”

माझ्या अंगावर काटा आला. मोठमोठ्या डोंगरांखाली उभा राहिलोय मी, पण इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. केवढा काळ गेला, वर डोंगर उभे राहिले, झिजले; आणि तो कण आपली साक्ष न बदलता तिथेच होता. त्याचं म्हणणं ऐकायला तितकंच खरं माणूस लागतं. स्वतःची चूक भर बैठकीत सांगणारं.

आज त्या माळावर तीनशे माणसं कामाला आहेत.

मंडळी, पाच मिनिटं केव्हाच उलटली. कुणाचा उल्लेख राहिला असेल, साहेबांचा राग जरा जास्तच रंगवला गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. शांतपणे ऐकलंत, मनापासून आभारी आहे. आता एकच विनंती. ताईंसाठी सगळ्यांनी उभं राहावं. त्या लगेच “बसा, बसा” म्हणतील. आजच्या दिवस त्यांचं ऐकू नका.