वास वॉरंटीत बसत न्हाई

—न्हाई सर, तुम्ही धा वेळा विचारलं तरी मी तेच सांगणार — कॉम्प्रेसर वॉरंटीत, कूलिंग कॉईल वॉरंटीत, वास वॉरंटीत न्हाई. वास काय पार्ट हाय का? बसा ना, उभं कशाला? चहा सांगू? बरं, नको तर नको. एवढे मोठे अनिमेष सर, लातुरात चौकाचौकात तुमचे फोटो, अन् आमच्या नांदेडच्या वर्कशॉपात उभे — बरं दिसत न्हाई. हाव, ठावं हाय, तीन वाजता तुमच्या क्लासच्या इथल्या ब्रँचला लेक्चर हाय. सोडतो की. पण जॉबकार्डावर कारण लिहावं लागतं मला. कंपनी विचारणार, शेषेराव, एसीतून कुबट वास कशानं येतोय? अन् कारण सापडलं, म्हणून तर तुम्हाला आत बोलावलं.

पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी, काळी जाळी असते बघा. तिथून बाहेरची हवा आत जाते, अन् पावसाचं पाणी दोन नळ्यांतून खाली उतरतं. तुमच्या जाळीची एक पट्टी तुटलेली. विरूपाक्षनं — तो बघा, आमचा मेकॅनिक — जाळी काढली अन् मला हाक मारली. म्हटलं, उंदीर मेला असंल. लई गाड्यांत निघतो. पण उंदीर कुठला, कागद! लगदाच्या लगदा, नळ्या गच्च, वर पाणी सडून राहिलं, अन् तीच हवा तुम्ही थंड करून घेताय अख्खा पावसाळा. हे बघा, ट्रेमध्ये ब्लोअर मारून वाळवलेत. चिठ्ठ्या हायेत, सर. शंकेच्या चिठ्ठ्या. तुमचाच नियम न्हाई का — वर्गात चारशे पोरं, तोंडी विचारायचं न्हाई, शंका लिहायची, रोल नंबर टाकायचा अन् सरांच्या गाडीच्या वायपरखाली ठेवायची? मला कसं ठावं? माझी पोरगी हाय ना तुमच्याकडं, लातूरला. बारावीला. दीपमाला. तुम्हाला कुठलं आठवायला, तुम्ही पोरं नंबरानं ओळखता. माझं उलटं — नाव मीच ठेवलं, नंबर काय तो कधी विचारलाच न्हाई.

अन् चिठ्ठ्या जाळीत गेल्या कशा, तेही सांगतो. हातानं काढत न्हाई तुम्ही. घाई असते. बसता, वायपरचं बटण दाबता, निघता. खरं का न्हाई? हसू नका, सर. हसण्यासारखं न्हाई हे.

शाईपेनाच्या सगळ्या गेल्या. बॉलपेनाच्या तेवढ्या वाचता येतात. बऱ्याचशा तुमच्या फिजिक्सच्या, मला काय कळतंय त्यातलं. पण एक नंबर सात वेळा आलाय — अकराशे सत्तेचाळीस. त्या चिठ्ठ्यांत फिजिक्स न्हाई. ऐका. ‘सर, काहीच लक्षात राहत नाही.’ ‘सर, झोप लागत नाही, छत खाली येतंय असं वाटतं.’ ‘सर, घरी सांगितलं, आप्पा म्हणतात सरांना विचार.’ — आता आमच्या निलंग्याकडं किती तरी पोरी बापाला आप्पाच म्हणतात. अन् सगळेच बाप असंच म्हणतात. मी न्हाई का म्हटलं? महिनाभर हेच म्हणून राहिलो. ती फोनवर रडायची, मी म्हणायचो, अगं बारावी हाय, सगळ्यांनाच होतं, सरांना विचार. अक्षर? अक्षराचं काय घेऊन बसलात, भिजल्यावर सगळ्यांचंच सारखं दिसतं.

हा वास मला नवा न्हाई, सर. म्हणून सकाळपासून डोकं ठिकाणावर न्हाई माझं. त्र्याण्णवला मी पंधरा वर्षांचा. भूकंपाच्या आधी कितीक दिवस जमीन गुरगुरून राहिली होती — सवय झाली हो लोकांना. माझी धाकटी बहीण, सिंधु, दहा वर्षांची. रोज म्हणायची, दादा, माळवदाची माती पडतेय, आपण अंगणात झोपू. मी हसायचो. एकदा तर चिडलो, म्हटलं, गप झोप, तुझ्यासाठीच थांबलंय का माळवद पडायचं? वर पाऊस लागला होता. त्या ओल्या मातीतून, गोधड्यांतून मी काढलं तिला. ह्या हातांनी. असाच वास होता. ती सांगत होती हो, सर, रोज सांगत होती, अन् मी —

जाऊ द्या. ही घ्या, सगळ्यात वरची. भिजलीसुद्धा न्हाई. ‘सर, हे शेवटचं. बुधवारनंतर त्रास देणार नाही.’ आज काय वार? बुधवारच ना? मी आपला सकाळपासून पोरीला फोन लावतोय — सहजच हो, ह्याचा त्याचा काय संबंध — बंद येतोय. टेस्टच्या आठवड्यात हॉस्टेलवाले मोबाईल जमा करतात. चांगला नियम हाय, मीच सही केली. पण त्यांचा ऑफिसचा फोनही कुणी उचलून न्हाई राहिलं.

ऐका सर. वॉरंटी देतो तुम्हाला. लिहितो, जाळी कंपनीतूनच तुटकी आली, नोकरी गेली तर जाऊ दे माझी. फक्त तुमच्या मोबाईलात पोरांची यादी असंल ना? अकराशे सत्तेचाळीस काढा. कुणाची का असंना, तिच्या बापाला कळवायला पाहिजे. काढा ना. भेव वाटून राहिलं मला, उघड सांगतो — काढा. सापडलं? मग वाचा की. माझ्याकडं काय बघताय? नाव वाचा, सर. नाव —

विरूपाक्ष! चावी आण. ह्याच गाडीची! जाळी राहू दे तशीच. कुठलं लेक्चर? खड्ड्यात गेलं तुमचं लेक्चर, बसा पुढं. लातूरला लोह्यावरून तीन तासांचा रस्ता हाय, तोवर क्लासला लावा, हॉस्टेलला लावा, वॉचमनला लावा, कुणीतरी जिना चढून वर जा म्हणावं, आत्ता, ह्या मिनिटाला. वास येतोय? येऊ द्या. नाक सोडा, सर. फोन लावा.