पोलादाची बातमी आणि आईचा डोळा

“औषध घातलंय. बोलावेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत,” असं परिचारिकेनं बजावलं होतं, म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर काकू डोळे मिटून जप करत होत्या. पण शेजारच्या बाकावरच्या बहीणभावाचं बोलणं जपात शिरलं.

“आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे तू त्या क्रिप्टो कॉइनमध्ये घातलेस?”

“आठवड्यापुरते, ताई. वाढले असते तर भारीतली लेन्स बसवली असती.”

“आणि आता?”

“निम्मे उरलेत. रविवारी परदेशातली बातमी आली, तिकडे पोलादावरचा आयात कर दुप्पट होणार.”

“आपल्या घरात पोलाद म्हणजे एक सांडशी. तिचा आईच्या डोळ्याशी काय संबंध?”

“लोक घाबरले की आधी कॉइन विकतात. शेअरबाजार रविवारी बंद, कॉइनचा बाजार चोवीस तास उघडा.”

“मग तूही विकायचंस.”

“कर पुढे ढकलणार असंही आलं होतं, म्हणून थांबलो. सोमवारी तिकडचे मंत्रीच म्हणाले, पुढे ढकलणार वगैरे काही नाही.”

“म्हणजे त्यांनी तिकडे तोंड उघडायचं आणि आईनं इकडे आंधळं व्हायचं. आणि तू शहाणा. भाजीवालीला भाव विचारायला लाजतोस, नि जगाच्या व्यापारावर पैज लावतोस.”

काकूंची माळ त्याच मण्यावर थांबली.

“आजच ऑपरेशन होईल, असा शब्द दिलाय मी तिला.”

“कशाच्या जोरावर?”

किल्ली खुळखुळली.

“मागच्या गल्लीत जुन्या मोटारसायकली घेतात. तासाभरात येतो.”

“तपासणी करून आई बाहेर आली की तुला विचारेल.”

“सांग, गाडी लावायला गेलाय,” तो म्हणाला, आणि पावलं हलकेच जिना उतरून गेली.