सतरा नंबरच्या गाडीवरील न बांधलेल्या तारेबाबत

पुरवणी जबाब. सोमवार, सकाळी सव्वादहा.

मी, शर्यतीच्या गाड्यांवर कॅमेरे बसवणारा फिटर, वय ४७ वर्षे, ट्रॅकवर व वसाहतीत 'पाना' या नावाने ओळखला जाणारा, राहणार ट्रॅकमागील कामगार वसाहत, इमारत चौथी, दुसरा मजला, कोणी न बोलावता ठाण्यात येऊन सांगतो की,

वरील ठिकाणी मी पत्नी व मुलीसह राहतो. समोरच्या दारात माझा मोठा भाऊ व वहिनी राहतात. भाऊ ट्रॅकवर तपासनीस आहे. शर्यतीला निघालेली प्रत्येक गाडी गेटवर तपासून सही करणे हे त्याचे काम आहे. मला या कामाला त्यानेच लावले व हातात पाना धरायलाही त्यानेच शिकवले. मी त्याला दादा म्हणतो. ट्रॅकवरचे सगळेच त्याला दादा म्हणतात.

गेल्या मंगळवारी मी याच ठाण्यात जबाब दिला. त्यात सतरा नंबरच्या गाडीवरील कॅमेऱ्याला तार बांधलेली होती व ती शर्यतीत तुटली असावी, असे सांगितले होते. ते खोटे आहे. तार बांधलेली नव्हती. तो जबाब देताना ती तार माझ्या पँटच्या उजव्या खिशात होती. आज ती हजर केली आहे. लांबी चाळीस सेंटीमीटर, दोन्ही टोकांना फासे, कुठेही तुटलेली नाही.

कामाबद्दल विचारल्यावरून सांगतो की, शर्यतीची गाडी उभी असली तरी थरथरते. पळताना तर दाताची कवळी निघेल इतकी थरथरते. साधा कॅमेरा तिच्यावर ठेवला तर चित्र दुधासारखे फुटते व अर्ध्या तासात आतले स्क्रू सुटे होतात. म्हणून गाडीच्या पत्र्यावर आधी जाड पट्टी, पट्टीवर रबर, रबरावर पकड व पकडीत कॅमेरा, असे बसवतो. रबर मऊ झाले तर चित्र डुलते, कडक झाले तर कॅमेरा मरतो. दादा थट्टेने म्हणत असे, "घरातल्या जावयाचे होत नाहीत एवढे लाड तू त्या डबीचे करतोस." पकडीचे नट थरथरीने सुटू नयेत म्हणून आट्यांना निळा डिंक लावतो. तो पक्का व्हायला दोन ते तीन तास लागतात. एवढे करूनही नट सुटलाच, तर कॅमेरा गाडीलाच लटकून राहावा म्हणून पोलादी तार बांधायची असते. तारेचे एक टोक नटाखाली व दुसरे गाडीच्या सांगाड्याला. तारेशिवाय गाडी सोडायची नाही असा नियम आहे. नियम लिहिला तेव्हा मजकूर सांगणाऱ्यांत मीही होतो.

त्या रविवारी शर्यत अडीचला होती. सतरा नंबरच्या मागच्या चाकाच्या वर मी सकाळी नऊ वाजता कॅमेरा बसवला. डिंक लावला, तार बांधली. दोन वाजून अकरा मिनिटांनी प्रक्षेपणाच्या गाडीतून दिग्दर्शकाचा फोन आला. तो म्हणाला, "पाना, सतराच्या चित्रात कोपऱ्यात तुझी तार नाचतेय. काढ ती तिथून." मी म्हणालो, "दुसरीकडून फिरवावी लागेल." तो म्हणाला, "फिरव, नाहीतर काहीही कर, पण मला ती दिसता कामा नये."

तार फिरवायला नट सोडावा लागतो. मी नट सोडला. सुकलेला डिंक त्यामुळे फुटला. तार बाहेर काढली, नव्याने डिंक लावला, नट आवळला. नव्या जागी सांगाड्याला तारेसाठी भोक नव्हते. ते पाडायला बारा मिनिटे लागली असती. गाड्या गेटवर जायला सात मिनिटे होती. मी तार पुन्हा बांधली नाही. खिशात घातली.

दुसरा काही मार्ग होता का असे विचारल्यावरून सांगतो की, होता. कॅमेरा उतरवून ठेवता आला असता. त्याने शर्यत थांबली नसती. एका गाडीचे चित्र दिसले नसते, एवढेच.

गेटवर दादा होता. तो प्रत्येक कॅमेरा स्वतःच्या हाताने ओढून बघतो व तारेत बोट घालून बघतो. सतरा नंबर आली तेव्हा मी गाडीजवळच उभा होतो. मागे तीन गाड्या थांबल्या होत्या. दादाने विचारले, "झालं का रे?" मी म्हणालो, "झालं." तो म्हणाला, "तार?" मी म्हणालो, "बांधली. आतून फिरवलीय, दिसायची नाही." दादाने माझ्याकडे पाहिले व सही केली. कॅमेऱ्याला हात लावला नाही. माझ्या हातचे काम त्याने त्या दिवसापर्यंत कधी न तपासता सोडले नव्हते, उलट इतरांपेक्षा जास्त तपासत असे. त्या दिवशी का सोडले ते त्याला विचारावे. मी विचारलेले नाही.

शर्यत सुरू झाल्यावर मी प्रक्षेपणाच्या गाडीत बसलो. समोर सहा पडदे होते. सतराचा पडदा खालच्या ओळीत डावीकडे होता.

यापुढील मजकूर मी मागच्या जबाबात अजिबात सांगितला नव्हता. मला कोणी विचारलेही नव्हते.

नवव्या फेरीत सतराचे चित्र हलू लागले. इंजिनाची थरथर बारीक व एकसारखी असते, तिला आम्ही भुंगा म्हणतो. रस्त्याच्या धक्क्याने चित्र एकदाच उडते व परत बसते. हे दोन्ही नव्हते. ब्रेक लागला की चित्र उजवीकडे कलत होते व वेग घेतला की परत येत होते. नट अर्धा फेरा सुटला की असे होते. वीस वर्षांत मी ते कित्येकदा पाहिले आहे. पाहिल्यावर दुसऱ्या क्षणाला मला कळले.

दिग्दर्शक म्हणाला, "सतराला काय झालं?" मी म्हणालो, "रबर तापलंय. बसेल आपोआप."

बोलायचा संच माझ्या हाताजवळ होता. "सतरा आत घ्या" एवढे म्हणायचे होते. तीन शब्द आहेत. तिथून अपघातापर्यंत दोन फेऱ्या झाल्या, म्हणजे तीन मिनिटे चाळीस सेकंद. त्या वेळात गाडी दोनदा आत येण्याच्या वळणावरून गेली. त्यावेळी माझ्या मनात काय होते असे विचारल्यावरून सांगतो की, गाडी आत आली तर तार नाही हे दादा बघेल, हे मनात होते. दुसरे काही आठवत नाही.

अकराव्या फेरीत, चौथ्या वळणातून बाहेर पडताना, पडद्यावर आकाश दिसले, मग भिंत, मग पुन्हा आकाश, मग गवत. त्यानंतर चित्र अगदी स्पष्ट व स्थिर होते. गवताच्या पलीकडे पिवळा झेंडा पडलेला दिसत होता.

चौथ्या वळणावर झेंडा दाखवायला ज्या बाई असतात त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. वय एकसष्ट. निवृत्तीनंतर दर शर्यतीला हौसेने येतात. कॅमेरा पकडीसह नऊशे ग्रॅमचा आहे. तो भिंतीवर आपटून त्यांच्या तोंडावर लागला. त्यांचा डावा डोळा गेला आहे.

गुरुवारी दुपारी चार वाजता मी इस्पितळात गेलो. बाईंजवळ त्यांची सून होती. बाईंच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. त्यांनी मला आवाजावरून ओळखले. म्हणाल्या, "कॅमेरावाला ना तू? बस. ते काय होतं रे नक्की? मला वाटलं पाखरू आहे. म्हटलं, गाडीखाली सापडेल बिचारं, म्हणून मी मान न हलवता बघत राहिले." सून म्हणाली, "आई, बोलू नका." मी आणलेली फळे सुनेकडे दिली. साधारण सहा मिनिटे थांबलो.

शुक्रवारी दादाला कामावरून दूर केले. भिंतीपासून गवतापर्यंत शोधूनही तुटलेल्या तारेचा तुकडा सापडला नाही, म्हणजे तार नव्हतीच व त्याने न बघता सही केली, असा ठपका त्याच्यावर आहे. दादाने मात्र तार डोळ्यांनी पाहिल्याचा जबाब दिला आहे, असे आज मला हा जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस मॅडमनी सांगितले. त्याने तार पाहिलेली नाही. त्याने माझा शब्द ऐकला आहे.

शनिवारी सकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. पत्नीसमोर म्हणाल्या, "भावजी, बत्तीस वर्षांत ह्यांनी न बघता एक सही केली नाही. तुम्ही होतात ना तिथे? तुम्ही सांगा ना पोलिसांना." पत्नी म्हणाली, "सांगतील की. त्यांच्याशिवाय कोण सांगणार?" मी चहा घेत होतो. तो पूर्ण घेतला.

नंतर मी समोर गेलो. दादा दारातच बुटांना पॉलिश करत होता. कामाचे बूट होते. बुटांकडेच बघत तो म्हणाला, "गेटवर मी तुला विचारलं होतं ना?" मी हो म्हणालो. "काय म्हणालास?" मी म्हणालो, "बांधली म्हणालो." तो म्हणाला, "मग झालं तर. माझं दीड वर्ष राहिलंय, तुझी पोरगी अजून शिकतेय. जा घरी." त्याने दुसरा बूट घेतला. तार बांधली होती का, असे त्याने मला विचारले नाही.

मी येथे येत असल्याचे दादाला सांगितलेले नाही. पत्नीला सांगितले आहे. तिने डबा भरून दिला.

गाडी चालवणाऱ्याला या कशाचीही माहिती नव्हती. दिग्दर्शकाने तार चित्रातून काढायला सांगितले, न बांधायला सांगितले नाही. बाईंना हे सगळे मी स्वतः जाऊन सांगेन. त्या आधी कोणी सांगू नये अशी विनंती आहे.

मॅडमनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. गेटच्या आधीच्या मजकुरात "तार चुकून पुन्हा बांधली नाही" असे टंकलेले होते. मी तसे सांगितले नव्हते. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या हो, तुमच्याच सोयीचं आहे." मी 'चुकून' हा शब्द काढायला सांगितला. तो खोडला असून खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व मी बोललो तसेच लिहिले आहे.