आंबलेली टाकी

न्हाय पेटायची ती शेगडी, मंजुश्रीताई — ठेवा काडेपेटी खाली. आवाज येतोय, व्हय, पर जाळ धरत न्हाय. गॅसची टाकी आंबल्या आमची. तुमास्नी फोनवर सांगायला पायजे हुतं, बायका घेऊन येऊ नका म्हणून, पर सांगणार कोण? तुमचे फोन ह्येच घ्यायचे. — कळलं न्हवतं व्हय तुमास्नी? गेले ह्ये. असू दे, असू दे. मला काय रडू येत न्हाय, तुमी कशाला डोळं पुसताय. त्या बायका चिकोडीवनं एवढ्या लांब आल्यात, बसू देत घटकाभर सावलीला. शेजारची मालूबाई च्या करून आणती. माझ्या घरात न्हाय पेटवत कोण काय.

तुमच्या संस्थेनं उचगावात पहिला गोबर गॅस बांधला तो आमच्या परड्यात, तवापासनं ह्येंनी टाकीला एक दीस उपाशी ठेवली न्हाय. अंगात ताप असू दे, घरात पाव्हणे असू देत — उठलं की शेणात हात. आणि कोण बघायला आलं की भाषणच! मी भाकरी थापत ऐकायची, मला सगळं पाठ. उरलंसुरलं टाकीला चालतंय, पर मूठभर. भात-भाकरी जास्ती झाली की टाकी आंबती, मग जाळ बंद. मग मला ठावं न्हवतं व्हय? ठावं हुतं की. चांगलं ठावं हुतं.

झालं काय — माणसं मातीहून परत आली, कडू घास आला. सुतकात आपली शेगडी पेटवायची न्हाय, म्हणून भावकी जेवण आणती, ती रीतच हाय. पर कोण किती आणतंय त्येला काय धरबंध? भावकूआप्पाच्या घरनं आमटी-भात, वरल्या आळीतनं भाकऱ्या, कुणाचं पिठलं. खाणार कोण? आलेलं अन्न परत कसं पाठवायचं? आणि उकिरड्यावर कसं वतायचं — अन्न वाया घालवू नका म्हणून ह्येंनी गावोगाव सांगितलं, आणि त्येंच्याच सुतकात मी उकिरड्यावर वतू? मग टाकीत वतलं. पातेलं उचलायचं, वतायचं, घासून पालथं घालायचं. बरं वाटत हुतं का? न्हाय. वाईट बी न्हाय. कायच वाटत न्हवतं, ताई. अजून बी न्हाय. सुतक फिटल्यावर एक दिवशी शेगडी पेटंना झाली, तवा म्हटलं, बरं, ही बी गेली.

व्हय, म्हाईत हाय मला, ताजं शेण घातलं की सावरती हळूहळू. मालूबाई पाटी आणून ठेवती की — ती बघा भिंतीला, शेण वाळून खडक झालंय. कटाळा? न्हाय हो. हात-पाय चालत्यात माझं. — आता इच्यारताय म्हणून सांगते. त्या सकाळी ह्येंनी शेण कालवलं, टाकीत सोडलं, हात धुतले आणि तिथंच कट्ट्यावर बसले. बसले ते बसलेच. कापडं वाटली, अंथरूण नदीला सोडलं, चपला सुदीक कुणीतरी न्हेल्या. कुणाला न्हाय म्हटलं न्हाय मी. ऱ्हायलंय काय त्येंच्या हातचं? आत टाकीत हाय ते. आणि वरनं जेवढं घालशीला तेवढं पलीकडनं भायेर पडतंय, आधी घातलेलं आधी — तुमच्या बायकास्नी ह्येच सांगायचे न्हवं? अन्नानं ढकललं तेवढं ढकललं, पर मी रोज एक बादली घातली, तर कवा ना कवा त्येंचं बी —

काय करताय? शेण कालवायला पाणी कशाला घेताय त्यात? ठेवा ती बादली. तुमी चांगल्या मनानं करताय, कळतंय मला. पर ठेवा खाली. बायकास्नी दुसऱ्या गावची टाकी दाखवा. जावा आता.