टानेगचा गडी

(दुबई. इंटरनॅशनल सिटीतला छोटा फ्लॅट. शुक्रवारची संध्याकाळ. बेसिल जेवायला बसला आहे. त्याची बायको वेन्डी नुकतीच ऑफिसमधून आली आहे.)

बेसिल : हिशेब काय होतो सांगू? दर शनिवारी तू ऑफिसात. त्यातून तुझ्या स्विस साहेबाला सहाशे वर्षांपूर्वीचा जमीनदार पूर्वज, तो उली, मिळणार. आणि तुला? चॉकलेटचा डबा!

वेन्डी : पुस्तकावर नाव मिळणार होतं. टानेगर घराण्याचा इतिहास, संशोधन वेन्डी तुस्कानो. इतकी वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप करतेय, एकावर तरी माझं नाव आहे?

बेसिल : 'होतं' म्हणजे?

वेन्डी : जेव तू आधी.

बेसिल : बघ, घरी आलीस की तोंड फुगलेलं. त्या उलीचं नाव काढलं की कशी खुलतेस! जेवताना उली, गाडीत उली, चर्चमध्ये मिस्साला जाताना उली. माझ्या आजोबांचं नाव सांग बघू.

वेन्डी : डुमिंग.

बेसिल : तो तुझा आजोबा!

वेन्डी : मेलेल्या माणसावर जळतोस?

बेसिल : मेलेल्यावर कशाला? त्याचा वंशज जिवंत आहे की. काल तुला घ्यायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये भेटला. काय तो शर्ट, काय तो सेंट!

वेन्डी : काय बोललास त्यांच्याशी?

बेसिल : काही नाही गो. हाय, हॅलो.

वेन्डी : बेसिल.

बेसिल : सहज म्हटलं, सर, तुमचा उली जमीनदार कुठला, तो तर शेतावरचा गडी. मालक मेला, त्याच्या विधवेशी लग्न केलं आणि टानेग शेताचं नाव आडनाव म्हणून लावून मोकळा झाला. तूच तर सांगितलंस मला.

वेन्डी : घरचा माणूस म्हणून सांगितलं. साहेबांचे वडील तिकडे स्वित्झर्लंडला हॉस्पिटलात आहेत. म्हातारा घरी आला की दोघांना व्हिडिओवर समोर बसवून मी नीट सांगणार होते.

बेसिल : एवढं काय लागायचं त्यात? आपण तुस्कानो कसे झालो? पाद्र्याने बाप्तिस्म्याला नाव दिलं, घेतलं. आपल्या वसईत कुणी रडतं का त्यावर?

वेन्डी : वसईत नाही रडत. त्यांच्याकडे ते नाव फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय.

बेसिल : चिडला काय?

वेन्डी : चिडले असते तर बरं होतं. शांतपणे म्हणाले, मिसेस तुस्कानो, माझ्या घराण्याची गोष्ट मला पार्किंगमध्ये कळावी? पुढचं काम बर्नच्या एका माणसाला दिलंय. खलास.

बेसिल : सोमवारी येऊन सॉरी म्हणतो.

वेन्डी : नको. आणखी काहीतरी सांगून बसशील.

बेसिल : मुद्दाम नाही गो केलं.

वेन्डी : मुद्दाम केलंस.

बेसिल : ...थोडंसं. तू दारातून आत यायचीस तीच त्या शेतात. मी सहाशे वर्षं मागे पडलो होतो.

वेन्डी : म्हणजे साहेबांना खरा पूर्वज मिळाला. बर्नवाल्याला पुस्तकावर नाव. तुला शनिवारी बायको.

बेसिल : आणि तुला?

वेन्डी : सगळ्यांची ताटं भरली मी. भात घे अजून.