तिसरं टिंब

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरची डॉक्टरमंडळी, पहिल्या रांगेतल्या काकू आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आपल्या रुग्णालयाच्या संगणक विभागातून आज निवृत्त होणाऱ्या काकांना सगळे टिंबकाका म्हणतात. का, ते फक्त मला ठाऊक आहे, कारण हे नाव मीच पाडलं. आज पोटातलं ओठावर आणते.

एकोणीस वर्षांपूर्वी, माझ्या नोकरीचा दुसरा आठवडा. तपासणी यंत्राच्या लांबलचक फाइलमधून रिपोर्ट वेगळे काढायचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. प्रत्येक रिपोर्टच्या आधी चांदण्यांची, म्हणजे ताऱ्याच्या चिन्हांची, एक ओळ, संपल्यावर तशीच दुसरी. 'या खुणेपासून त्या खुणेपर्यंतचं छाप' हे सांगायला आमच्या त्या भाषेत दोन खुणांच्या मध्ये दोन टिंबं देतात. मी दिली. थोड्याच वेळात वॉर्डातून डॉक्टरांचा फोन आला, "रिपोर्ट कुठंय? नुसत्या चांदण्या काय वाचू?"

घरी वडील अंथरुणाला खिळलेले, मिळवती मी एकटी. तरी शरमेनं राजीनामा लिहिला आणि काकांच्या हातात दिला. त्यांनी तो न वाचता कप्प्यात टाकला. डॉक्टरांना म्हणाले, "आमच्याकडून चूक झाली, दहा मिनिटं द्या." आमच्याकडून, बरं का. चूक कोणाची होती, सांगा पाहू?

मग मला म्हणाले, "बस आधी. दोन टिंबं उतावळी असतात गं. सुरुवातीची खूण सापडली की त्याच ओळीत शेवटही शोधतात. तुझ्या दोन्ही खुणा सारख्या, म्हणून उघडलं तिथंच मिटलं. तिसरं टिंब दे. मग शेवटाची चौकशी पुढच्या ओळीपासून. आणि शेवटाची खूण सापडली की ती ओळसुद्धा आतच धरली जाते, बाहेर टाकत नाहीत."

दिलं. सगळे रिपोर्ट निघाले. राजीनाम्याचं काय झालं, हे विचारायची हिंमत मला कधीच झाली नाही, आणि काकांनीही विषय काढला नाही.

आज सकाळी त्यांनी कप्प्याची किल्ली मला दिली. तळाशी माझा कागद होता, पिवळा पडलेला. कोपऱ्यात काकांच्या अक्षरात दोनच शब्द होते: 'उद्या बघू'.

काका, त्या दोन शब्दांवर माझं घर उभं राहिलं. आणि तुम्हीच शिकवलंत, शेवटाची ओळसुद्धा आतच धरली जाते. तेव्हा आजचा दिवस तुम्ही आमचेच आहात.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. काका घालतीलच, त्यांना सवय आहे.